वारंगा फाट्यावर फुटलेली पिशवी

आमच्या कामाच्या ग्रुपवर मेसेज पडला: 'सेवानिवृत्त परिचारिका शांताबाई खिल्लारे यांनी राहत्या घरी अखेरचा श्वास घेतला.' खाली हात जोडलेल्यांची रांग. मला रडू यायच्या आधी राग आला. अखेरचा श्वास कुणी घेत नाही हो. घेतलेला तसाच आत ठेवून कुणी जात नाही, शेवटचा असतो तो बाहेरच येतो. हे मला आक्कांनी शिकवलं, आणि त्यांच्याच निरोपात ते चुकावं म्हणजे काय म्हणावं! मी लिहिलं, 'घेतला नाही, दिला.' मग पुसून टाकलं. कुणाशी हुज्जत घालायची ताकद आता उरलेली नाही.

श्वासाबद्दल मी इतकी हटून का बसते, ते सांगते. मी लॅब टेक्निशियन. हिंगोली जिल्ह्यात आमचा एक प्रकल्प चालतो. गावोगाव जायचं, माणसांचा श्वास पिशवीत भरायचा आणि तो नांदेडच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. आपण जो श्वास बाहेर टाकतो त्यात नुसती हवा नसते. अंगात जे जळतं, कुजतं, झिजतं, त्याचे बारीक बारीक वायू त्यातून बाहेर पडत असतात. रोग झाला की त्यांचं मिश्रण बदलतं. शुगरमध्ये एक, लिव्हरच्या दुखण्यात दुसरं, टीबीत तिसरं. या खुणा एकदा पक्क्या हाती लागल्या की सुई नको, थुंकी नको, एक फुंकर पुरे, असं आमचे सर म्हणतात. पण त्या अजून पक्क्या व्हायच्या आहेत. म्हणून खोकला असलेल्यांचा श्वासही घ्यायचा आणि थुंकीही. निदान थुंकीवरून करायचं, श्वास फक्त त्याच्याशी ताडून बघायचा. ऐकायला सोपं वाटतं. गावात जाऊन करून बघा.

आक्का या कामाला आल्या त्या रिटायर झाल्यावर. हयात गेली सेनगाव तालुक्यातल्या गावांमधून बाळंतपणं करण्यात आणि लसी टोचण्यात. पोरगा पुण्याला, नवरा कधीच गेलेला, घरी बसवेना. बुटक्या, अंगानं भरलेल्या, पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी. जीपमध्ये पुढच्या सीटवर कधी बसायच्या नाहीत. 'फुडं बसलं की रस्ता दिसतो, अन् रस्ता दिसला की घोर लागतो,' म्हणायच्या. मागं बसून डोळे मिटून घ्यायच्या. झोपल्यात म्हणावं तर मधेच आवाज यायचा, 'मंदा, पानी पी.'

'दमलात का आक्का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं. 'दमून राहिले म्हनूनच तर चालून राहिले. बसले की संपलं.'

आमचं पहिलं शिबिर नरसी नामदेवला झालं. श्वासाच्या तपासणीला पोट रिकामं लागतं, म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः माईकवरून गावभर ओरडले, सकाळी उपाशी या. सकाळी बायकांची ही गर्दी. मी खुशीत. पहिलीला विचारलं, उपाशी आहात ना? 'व्हय मॅडम, कडक उपास हाय. नुसती भगर खाल्ली, शेंगदान्याची आमटी अन् दोन केळं.' दुसरीनं साबुदाणा खाल्लेला. तिसरीनं रताळी. रांगेतल्या एकीनं तर हळूच विचारलं, 'बाई, हा उपास कोन्या देवाचा असतो?'

मी डोक्याला हात लावला. आक्का हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात. 'अगं, उपाशी म्हनलं तर मानूस उपासच धरील की. अन् उपासाला पोट कधी रिकामं ऱ्हातं का?' मग त्यांनी उठून सगळ्यांना सांगितलं, 'बायांनो, हा देवाचा उपास न्हाई, दवाखान्याचा उपास हाय. ह्याला भगर चालत न्हाई. उद्या या.' तेव्हापासून आमच्या कामात तोच शब्द रूढ झाला. आजही आम्ही गावात दवाखान्याचा उपास सांगतो आणि लोक बरोबर रिकाम्या पोटी येतात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तोंडावर आपटले. एक म्हातारेबुवा खुर्चीत बसले, नळी तोंडात धरली. मी कागदावर छापलेलं वाचलं, 'आजोबा, खोल श्वास घ्या. आता सोडा. सगळा सोडा.' त्यांची सून भिंतीला टेकून उभी होती, ती तरातरा पुढं आली. 'काय बोलून राहिल्या बाई? आमच्या म्हाताऱ्याला सोडा म्हनता? तोंडाला हाड हाय का न्हाई?' आणि म्हाताऱ्याला दंडाला धरून घेऊन गेली.

'हिचं काय बिघडलं?' मी चिडून म्हटलं.

'तिचं न्हाई बिघडलं. आपल्याकडं जीव सोडतात, मंदा. श्वास सोडला म्हनलं की मानूस गेला. द्या म्हन. घेतला व्हता, देऊन टाका. सोडायचा येकदाच असतो.'

मी पेन काढून छापील कागदावरचा शब्द खोडला. सरांना तो बदल आवडला आणि पुढच्या छपाईत तसा आला, पण तो कुणी सुचवला हे त्यात कुठं लिहिलेलं नाही. लिहावं असं आक्कांनाही कधी वाटलं नाही.

त्यांची काम करायची तऱ्हाच वेगळी होती. लोकांना श्वास देता येत नाही, हे मला तिथं कळलं. नळी तोंडात धरली की पिपाणी वाजवल्यासारखे गाल फुगवतात. आम्हाला गालातली हवा नको, फुप्फुसाच्या तळातली हवी. आक्का स्टूल ओढून समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या आणि त्याच्यासोबत स्वतःही फुंकायच्या, पोटापासून. 'तुमी न्हाई, आपन दोघं. चला. द्या, द्या, द्या, आजून हाय खाली, द्या.' समोरचा हसत हसत का होईना, तळ गाठायचा. पण रांगेत जितकी माणसं, तितक्यांदा आक्काही फुंकायच्या. दुपार टळेपर्यंत ओठ पांढरे पडलेले असायचे.

'तुम्ही कशाला फुंकता? नुसतं सांगा की,' मी म्हणायची.

'मी थांबले की ते थांबतेत.'

परतीच्या वाटेवर जीपमध्ये खोकायच्या. मी म्हणायची, आक्का, एकदा तुमचीही पिशवी भरू या. त्या हात झटकायच्या. 'हा चुलीचा खोकला हाय. जुना हाय, वळखीचा हाय. गावभराचा श्वास घ्यायचा पडलाय, त्यात माझा कुठं मोजत बसतीस?'

बायकांकडून मिश्रीचं खरं काढून घ्यायची त्यांची युक्ती मी उचलली ती अजून वापरते. तंबाखूनं श्वासाचा नमुना बिघडतो, म्हणून विचारावंच लागतं. मिश्री लावता का म्हटलं की काळ्या दातांनी ठणकावून सांगणार, 'न्हाई बाई, आमच्यात चालत न्हाई.' आक्का विचारायच्या, 'सकाळची लावून झाली का आजून लावायची हाय?' लगेच उत्तर, 'झाली की मघाच.'

एकदा एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी वाड्यावस्तीतल्या बायका जमल्या होत्या. घरच्या म्हातारीनं खुर्चीत बसता बसता विचारलं, 'आडनाव काय म्हनलं बाई तुमचं?' आक्कांनी सांगितलं, खिल्लारे. म्हातारीची नजर आक्कांच्या हातातल्या नळीवर गेली आणि तिथंच राहिली. आक्कांनी नळीचं बंद पाकीट तिच्या पुढ्यात धरलं. 'नळी कोरी हाय, तुमीच फोडा. हवा मात्र मघापासून तुमची-माझी येकच चालू हाय, तिला इलाज न्हाई.' म्हातारीनं पाकीट फोडलं आणि फुंकलं.

जीपमध्ये मीच धुमसत होते. आक्का म्हणाल्या, 'तकलीफ करून घेऊ नको. पिशवी भरली न्हवं?' मग खिडकीला डोकं टेकलं आणि जरा वेळानं, कुणी विचारलेलं नसताना, 'आज दमले गं,' म्हणाल्या. असा आपणहून, त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

आता द्रौपदाची गोष्ट. तिच्यापायी आक्कांचं काम गेलं.

गोरेगावजवळच्या एका वस्तीवर ही राहायची. नवरा सालगडी, ही दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन काढायला, हळद खुरपायला जाणारी. अंगावर मांस नाही, खोकला असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. कडेवर वर्षा-दीड वर्षाची पोरगी. श्वासाचा नमुना घेण्याआधी माणसाला थोडा वेळ स्वस्थ बसवावं लागतं. आम्ही तिला शाळेच्या खोलीत पंख्याखाली बसवलं, पोरगी दुसऱ्या बाईनं घेतली. मग आक्कांनी समोर बसून पिशवी भरून घेतली. आमच्या पिशव्या चंदेरी असतात, तोटी बंद केली की टम्म फुगून राहतात. द्रौपदानं त्या पिशवीकडं बघितलं, छातीवरून हात फिरवला आणि म्हणाली, 'लई हलकं वाटायलं बाई.' वाटणारच. ती बाई दिवसाउजेडी कधी पंख्याखाली निवांत बसली होती?

तिच्या थुंकीत टीबी निघाला. दवाखान्यातून गोळ्या चालू केल्या. काही आठवड्यांनी आम्ही वस्तीवर गेलो तर ती आणखी वाळलेली, आणि गोळ्यांची पाकिटं कोनाड्यात जशीच्या तशी.

'काहून गं, गोळ्या खाल्ल्या न्हाईस?' आक्कांनी विचारलं.

'गोळ्या काहून खाऊ?' तिला आमचंच नवल वाटलं. 'रोग तर तुमी पिशवीत भरून नेला की.'

आता बोला! मी खाली बसून तिला सगळं समजावलं. पिशवीत रोग जात नाही, फक्त वायू जातात, ते मशीनमध्ये तपासतात, ताडून बघतात. पोरगी तिच्या मांडीवर, तिच्या तोंडाशी तोंड लावून खेळत होती. द्रौपदानं सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, 'मॅडम, तुमी शिकलेल्या. पन त्या दिवशी मला कसं हलकं वाटलं ते मला म्हाईत.' मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवूनही सांगितलं. तिनं पोरीला खोकल्याच्या उबळीत पदराखाली घेतलं.

आक्कांनी जवळ सरकून गुडघ्याला गुडघा लावला.

'द्रौपदे, तुला सांगायची लाज वाटून राहिली होती. तुझी पिशवी फुटली.'

'आं? कुठं?'

'वारंगा फाट्यावर. खड्ड्यात गाडीला गचका बसला. बाकीच्या राहिल्या, तुझी तेवढी फुटली.'

द्रौपदाचा हात छातीवर गेला. 'मग?'

'मग काय. रोगाला घर ठावं असतंय. आला माघारी.'

'तरीच!' ती म्हणाली. 'तरीच म्हनलं, खोकला पुन्यांदा काहून वाढला. आता दुसरी पिशवी भरता का?'

'पिशवी येकदाच असती. आता गोळ्या. सहा म्हैने, येकबी चुकवायची न्हाई. अन् तवर पोरगीला तोंडाजवळ घ्यायचं न्हाई. तिला बी दवाखान्यात दाखवून आनायचं.'

द्रौपदानं आमच्यासमोर गोळ्या गिळल्या. मी जीपमध्ये बसल्यावर म्हटलं, 'आक्का, धडधडीत खोटं बोललात.'

'व्हय. खरं सांगून तू पाहिलंच की.' आणि डोळे मिटून घेतले.

पुढं काय होणार हे कुणालाही कळलं असतं, आम्हालाच कळलं नाही. गोरेगावची जीप सेनगावला जाते, सेनगावची हिंगोलीला, आणि हिंगोलीची माणसं नांदेडला जाताना वारंगा फाट्यावर चहा पितात. आमचं पुढचं शिबिर नेमकं त्याच फाट्यावर. गाडी थांबवली तर हॉटेलवाला फडकं झटकत बाहेर आला. 'मॅडम, गाडी फुडं लावा. गिऱ्हाइक उठून चाललं.'

'का हो?'

'तुमच्या पिशव्या हितं फुटतेत म्हनं. गोरेगावचा रोग आमच्या फाट्यावर सांडला.'

त्या दिवशी एकही माणूस आला नाही. शिबिराच्या खोलीत रिकाम्या खुर्च्यांवर पंखा फिरत राहिला. पंक्चरवाला दारातून डोकावला तो एवढंच विचारायला, की फवारणी कधी करता. मला हसू येत होतं आणि रडूही. ज्यांना खरंच खोकला होता तीही माणसं त्या दिवशी घरीच बसली, हे डोक्यातून जात नव्हतं.

दुपारी सर आले. सर भला माणूस. आरडाओरडा नाही, बाकावर बसले आणि विचारलं, हे कुणी सांगितलं? मी खाली बघितलं. आक्का उठून उभ्या राहिल्या. 'मी म्हनलं सर.'

सगळं ऐकून घेतल्यावर सर म्हणाले, 'आक्का, लोक आपल्यावर विश्वास ठेवून श्वास देतात. आपणच खोटं बोललो तर उद्या आपलं खरं कोण ऐकेल?'

'बराबर हाय सर.'

'मग का बोललात?'

'तिचं लेकरू तिच्या कुशीत निजतंय.'

सरांनी रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, 'उद्यापासून तुम्ही नका येऊ.' सर बरोबर होते. आक्काही बरोबर होत्या. अशी दोन बरोबर माणसं समोरासमोर उभी राहिली की मधल्यानं काय करायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही आणि आता विचार करायचाही कंटाळा येतो.

आक्कांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, पदरानं पुसलं, सरांच्या हातात दिलं. निघताना हॉटेलवाल्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. 'दादा, पिशवी-बिशवी काही फुटली न्हाई. मी खोटं बोलले व्हते.' हॉटेलवाला हसला. 'आता तुमी असंच म्हननार की, शिस्टरबाई. नोकरीचा सवाल हाय.' सरांचं म्हणणं इतक्या लवकर खरं ठरेल असं सरांनाही वाटलं नसेल.

काम गेलं, तरी द्रौपदाच्या गोळ्या संपेपर्यंत आक्का स्वतःच्या पायांनी, जीप बदलत बदलत, तिच्या वस्तीवर जात राहिल्या. द्रौपदा बरी झाली. पोरगीला काही झालं नाही. थुंकी साफ आल्याचं मी फोनवर कळवलं तेव्हा आक्का फक्त म्हणाल्या, 'झालं येकदाचं.' आणि खोकत राहिल्या. चुलीचा, जुना, ओळखीचा खोकला.

तो चुलीचा नव्हता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं घट्ट होत चालली आहेत, आता सैल व्हायची नाहीत. पुढं आमच्या प्रकल्पात अशाच आजाराच्या माणसांचा श्वास घ्यायचं ठरलं आणि यादी करताना सरच म्हणाले, 'आक्कांना विचारून बघता का?' मी फोन केला. पलीकडून धाप लागलेला आवाज आला, 'म्हनलं, माझा घ्यायला कोनी येतंय का न्हाई.'

ती आमची शेवटची भेट. हिंगोलीतलं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याखाली ऑक्सिजनचं मशीन. बसल्या जागी नळी लागत नव्हती, चार पावलं चाललं की लागायची. अंगानं भरलेली बाई पातळात हरवून गेली होती. आणि त्यांच्या पाठीशी पाट मांडून कोण बसलेलं, तर द्रौपदा. आता चांगली गुटगुटीत, घरच्या हळदीचा पुडा घेऊन आलेली.

'तिला खरं सांगितलंत का?' मी हळूच विचारलं.

'सांगितलं. दोनदा सांगितलं. म्हनती, आक्का, तुमी मोठेपना घेत न्हाई.' हसायला गेल्या आणि खोकल्यात अडकल्या.

मी पिशवी काढली. द्रौपदाचा चेहरा उजळला. तिनं आक्कांची पाठ दोन्ही हातांनी सावरून धरली. 'भरा आक्का. समदा जाऊ द्या त्याच्यात. मला कसं हलकं वाटलं व्हतं, इचारा मॅडमला.'

मी स्टूल ओढलं, गुडघ्याला गुडघा लावला. दवाखान्याचा उपास केलाय का विचारलं, आक्कांनी डोळ्यांनी हो म्हटलं. नळी तोंडात दिली. 'आक्का, द्या.' मीही सोबत फुंकलं. 'द्या. आजून हाय खाली. द्या.' तीन-चारदा थांबत थांबत घेतलं तरी पिशवी अर्धीच भरली. चंदेरी कापडासारखी सुरकुतून राहिली.

'आजून द्या, आक्का,' द्रौपदा म्हणाली.

'पुरे,' आक्का म्हणाल्या, आणि तोटी स्वतःच्या बोटांनी बंद केली. द्रौपदानं घाबरून विचारलं, हलकं वाटतंय का? आक्कांनी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं आता तिसऱ्यांदा खरं सांगतील. 'व्हय गं,' त्या म्हणाल्या. 'लई हलकं वाटायलं.'

मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून हाक आली.

'मंदा, वारंग्यावरून हळू ने गं. फुटायला नको.'

तोंडावर हसू होतं, पण डोळे त्या पिशवीवर होते. जीपमध्ये पिशव्या ठेवायची पेटी असते. ती पिशवी मी पेटीत ठेवली नाही, मांडीवर धरून बसले. वारंगा फाट्याच्या अलीकडे ड्रायव्हरला म्हटलं, हळू घे.

'मॅडम, खड्डे कवाच बुजवलेत,' तो म्हणाला.

मी म्हटलं, 'तरी हळू घे.'